इतिहासाचे अनुदान आणि आपले कर्तव्य



१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास धम्मदीक्षा घेतलेली पिढी आता अस्तास चालली आहे. आपल्या वस्तीचा इतिहास लिहिण्यासाठी अनुदानाचा अर्ज अवश्य करावा. सार्वजनिक पैशावर आपलाही हक्क आहे. शासनाने १९७६ मध्ये समिती नेमली आणि १९७९ पासून बाबासाहेबांचे लेखन व भाषणे खंडशः प्रसिद्ध होऊ लागली. परंतु मंजुरीची वाट पाहत स्वस्थ बसू नका. ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी चळवळीतील स्त्रियांना भेटून आठवणी टिपल्या. त्यांतून १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ सिद्ध झाला. तेव्हा आजच आजीजवळ बसा, सन, गाव व नावे वहीत उतरवा आणि एक प्रत विहारात ठेवा.

जय भीम!