ज्वारीच्या वाफशावर आधी भाजीचा वाफा

(नवी पेठ, सोलापूर येथे झालेल्या जिल्हा बैठकीतील भाषण)



बैठक संपली की तुमच्यापैकी निम्मे लोक भाजी घेऊनच एसटीत बसणार आहेत. मेथीची जुडी, पावशेर मिरची, कोथिंबीर. घरी रान आहे आणि भाजी शहरातून जाते आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या हातात ५१२ किलो कांदा विकून, खर्च वजा जाता, दोन रुपयांचा धनादेश पडला. विकताना आपला माल मातीमोल आणि घेताना रोख मोजायची, अशी ही तऱ्हा आहे.

तुम्ही म्हणाल, चळवळीची माणसे भावाचे सोडून परसबागेचे काय सांगायला लागली? 'आपली भाजी पिकवा आणि गप्प बसा' हा सरकारी उपदेश आम्ही करत नाही. भावाची मागणी जागच्या जागी आहे. पण भाव पडला असताना माल रोखून धरायचा, तर आठवड्याचा बाजार त्याच मालावर अवलंबून असून चालत नाही. शरद जोशींनी १९९१ साली शेगावला चतुरंग शेती मांडली, तिच्यात सीताशेती होती. घरच्या बाईच्या हातातला रानाचा तुकडा, विकतची खते-औषधे न घालता पिकवलेला. तो विचार आपण टाळ्या वाजवून ऐकला आणि बांधावर ठेवून दिला.

यात आम्हा कृषी पदवीवाल्यांचाही दोष आहे. ज्वारी-कापसाच्या रानात पूर्वी मटकी, अंबाडी, काकडी, गवारीची तासे असत. सलग पीक घ्या, उत्पन्न वाढेल, असे आम्हीच सांगत फिरलो. ताटातली भाजी त्यात गेली. पुढे तणनाशकाने पाथरी, तांदुळजा, घोळही नेली.

आता कामाचे बोलू. आपल्याकडे सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो आणि रब्बी ज्वारीची पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. वाफसा आला की बैल, ट्रॅक्टर, माणसे सगळी पाभरीमागे. भाजीचे दिवाळीनंतर बघू, असे ठरते. दिवाळीपर्यंत काळ्या रानाला भेगा पडलेल्या असतात, मग पालेभाजीला घागरीने पाणी घालत बसा. म्हणून आमचे सांगणे एवढेच की ज्या दिवशी वाफसा येईल, त्या दिवशी पाभर रानात जाण्याआधी घराजवळचे चार वाफे पेरून व्हावेत. अर्ध्या दिवसाचे काम आहे. ते एकट्या बाईवर टाकू नका, ज्वारी खुरपायलाही तीच जाते. गड्याने कुदळ मारावी, काय लावायचे ते तिने ठरवावे.

मेथी, पालक, शेपू, चुका, मुळा आता टाकता येतो. सगळे बी एकदम टाकू नका, पंधरा दिवसांच्या अंतराने टाका, नाहीतर एका आठवड्यात मेथीच मेथी आणि पुढे काही नाही. धने हलके रगडून दोन फाकी करा, रात्रभर भिजवा, मग पेरा. वांगी, टोमॅटो, मिरचीचे बी वीतभर उंच गादीवाफ्यावर टाका. हस्ताचा पाऊस बदाबदा कोसळतो, सपाट वाफ्यात पाणी साचून रोपे मरतात. महिना-सव्वा महिन्यात रोप लावणीला येते. लसणाच्या पाकळ्या ऑक्टोबरात. उन्हाळी कांद्याचे बी टाकायची घाई नको, त्याला ऑक्टोबर-नोव्हेंबर आहे.

कुंपणावरचा वाल, पावटा आज नुसता पाला दिसतो. म्हणून उपटू नका. गावठी वालाला दिवस लहान झाल्याशिवाय फूल येत नाही. भेंडी, गवार, दोडका संपत आला असेल तर चांगल्या झाडावरची दोन-चार फळे बियाला राखा, वेलावरच वाळू द्या आणि बी राखेत घालून ठेवा. संकरित वाणाचे बी मात्र धरू नका, ते पुढच्या वर्षी तसे उतरत नाही.

ऑक्टोबरचे ऊन ओल ओढून घेते. पावसात भिजून काळे पडलेले, जनावर तोंड लावत नाही असे मुगा-उडदाचे भुसकट असते, ते वाफ्यात रोपांच्या बुडाशी पसरा. चांगले भुसकट गोठ्यातच जाऊ द्या. मोरीचे पाणी चर काढून वाफ्याकडे वळवा.

फवारणीचे बजावून सांगतो. कापूस आता पात्या-बोंडांत आहे, पंप रोज चालू आहेत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी, शेतमजूर दगावले, हे विसरू नका. फवारलेल्या कापसातली अंबाडी, काकडी खुडून घरी आणू नका. भाजीचा वाफा कापसाला खेटून नको. मावा, तुडतुडे आले तर अर्धा किलो निंबोळीचा कूट फडक्यात बांधून रात्रभर भिजवा, पिळून गाळा, दहा लिटर पाणी करा आणि वीस ग्रॅम साबण कालवून मारा. पण कापसाच्या पंपात भरू नका. पंप कितीही धुतला तरी नळीत विष राहते. त्यापेक्षा केरसुणीने शिंपडलेले बरे. औषधाचा रिकामा डबा पाण्याला वापरणारी घरे आम्ही अजून बघतो. तो डबा आजच फोडा.

पुढच्या बैठकीला येणाऱ्या मायबहिणींनी घरचे मूठभर बी पुडीत बांधून आणावे, पुडीवर गावाचे आणि भाजीचे नाव लिहावे. भाषणे नंतर होतील, आधी बियांची अदलाबदल करू.