भिवंडीचं बाळ आणि चाळिशीतलं हृदय



'पोरगं काडीसारखं बारीक आहे, त्याला कसला मधुमेह होणार?' हे वाक्य आयांकडून, आज्यांकडून कायम कानावर येतं. ही समजूत चुकीची आहे. ती आपल्या महाराष्ट्रातच चुकीची ठरली आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायकांच्या आणि त्यांच्या बाळांच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली. तिथली बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोची भरली, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची साडेतीन किलोची. बाळ लहान म्हणजे सगळंच कमी, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव लहान होते, पण कातडीखालची चरबी फारशी कमी नव्हती. दिसायला किडकिडीत, आतून चरबीयुक्त.

चरबी शरीरात नुसती पडून राहत नाही. ती रक्तात अशी द्रव्यं सोडते की शरीर सतत मंद दाहाच्या अवस्थेत राहतं. दाह म्हणजे शरीराची पहारेकरी फौज जागी होणं. जखम झाली, ताप आला की ती जागी व्हावी आणि काम संपलं की झोपावी. ती कधी झोपलीच नाही, तर आपल्याच रक्तवाहिन्यांचं अस्तर खराब होतं, इन्सुलिनचं काम अडतं. ना दुखतं, ना ताप येतो, म्हणून वर्षानुवर्षं कळत नाही; कळतं ते चाळिशीत, हृदयावर आल्यावर.

आता यंत्रमागांच्या भिवंडीकडे पाहू. शांतीनगर असो, नागाव असो, कारखान्याला लागून खोली आणि खोलीला लागून कारखाना. लूमवर सुताचे बारीक तंतू उडतात. सायझिंग-डाइंगच्या बॉयलरमध्ये लाकूड-कोळशाबरोबर कधी चिंध्या आणि प्लॅस्टिकही जातं. धुरातले अतिसूक्ष्म कण फुप्फुसातून रक्तापर्यंत पोचतात आणि हाच दाह पेटता ठेवतात. गरोदर बाईच्या श्वासातून गेलेल्या धुराचा परिणाम वारेपर्यंत पोचतो आणि बाळाचं वजन घटू शकतं. हे मी आयांना घाबरवायला सांगत नाही. चिमणी किती उंच असावी, त्यात काय जाळावं, हे काही आई ठरवत नाही. ते कारखानदारांनी आणि महापालिकेनं ठरवायचं आहे, आणि तो प्रश्न मुलांच्या हृदयाचा आहे असं समजून ठरवायचं आहे.

घराच्या हातात जे आहे, ते मात्र थोडं नाही. पहिली गोष्ट मिश्री आणि तंबाखू. मुंबईत १,२०० हून अधिक गरोदर बायकांचा अभ्यास झाला. तंबाखू खाणाऱ्या, मिश्री लावणाऱ्या आयांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी निघाली. मिश्री सासूबाई लावतात म्हणून सूनबाई लावते, तेव्हा सासूबाई, आधी तुम्ही सोडा. आणि घरातल्या पुरुषांनी खोलीत बिडी-सिगारेट ओढू नये. दारात उभं राहून ओढली तरी धूर आतच येतो.

दुसरी गोष्ट ताट. मुंबईच्या वस्त्यांमध्ये बायकांना गरोदर राहण्याच्या आधीपासून रोज एक खाऊ दिला गेला: पालेभाजी, फळं आणि दूध घालून केलेला. ज्यांना तो मिळाला त्यांच्यात गरोदरपणातल्या मधुमेहाचं प्रमाण ७.३ टक्के होतं, ज्यांना मिळाला नाही त्यांच्यात १२.४. महागडं औषध नाही, साधा खाऊ! म्हणून लग्न झालेल्या मुलीच्या ताटात लाल माठ, मेथी, चवळीची पालेभाजी आजपासून वाढा, दिवस राहायची वाट पाहू नका. आपल्या खाडीकाठच्या गावांत मांदेली, बोंबील मिळतात. ते, अंडी, दूध, दही यांतून बी-१२ जीवनसत्त्व मिळतं. पुण्याच्या त्याच अभ्यासात ज्या आयांचं बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण अधिक दिसलं. याचा अर्थ फोलेटसाठीची फोलिक ॲसिडची गोळी बंद करा असा मुळीच नाही. ती घ्यायचीच, शाकाहारी असाल तर बी-१२ बद्दल डॉक्टरांना विचारा, एवढंच.

बाळ झाल्यावर सहा महिने फक्त आईचं दूध. पुढे दोन वर्षांचं होईपर्यंत बाळाची उंची आणि स्नायू भरू द्या: वरण, अंडं, उसळीचं पाणी नव्हे तर उसळच. दोन वर्षांनंतर मात्र सावध राहा. दिल्लीत जन्मापासून मोठेपणापर्यंत पाहिलेल्या मुलांमध्ये, जी दोन वर्षांपर्यंत बारीक होती आणि नंतर भराभर अंगानं भरली, त्यांनाच तरुणपणी साखरेचा त्रास जास्त झाला. त्यातली बहुतेक लहानपणी लठ्ठ दिसतही नव्हती. 'अंग धरू दे' म्हणून चहा-बिस्किट, पाकिटातले चटपटीत पदार्थ आणि गोड पेयं देणं थांबवा. लूमच्या गल्लीत खेळायला जागा नसेल तर सुट्टीच्या दिवशी वऱ्हाळा तलावाकडे न्या, पळू द्या.

गरोदर असाल तर नाव नोंदवताना आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत साखरेची तपासणी करून घ्या. त्यासाठी उपाशी राहावं लागत नाही: ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं. आणि मूल तीन वर्षांचं झालं की वर्षातून एकदा त्याचा रक्तदाब मोजायला सांगा. लहान दंडाला लहान पट्टा लागतो. मोठ्यांच्या पट्ट्यानं मोजलेला आकडा चुकतो, म्हणून लहान पट्टा मागून घ्या.