गाडीत पाणी येतं कुठून?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



पावसाळ्यात जुनी गाडी चार दिवस दारात उभी राहिली आणि दार उघडताच कुबट वास आला की समजावं, आत कुठेतरी पाणी मुरतंय. बरेच जण मॅट उन्हात वाळवतात, आत अगरबत्ती लावतात आणि विषय संपवतात. पण मॅटखालचा फोम स्पंजासारखा पाणी धरून ठेवतो. वरून हात लावला तर कोरडा, दाबला तर ओला! त्याखाली पत्रा गंजत असतो.

आपल्या जिल्ह्याचं आणि गाडीचं नातं जुनं आहे. 1 जून 1948 रोजी राज्यातली पहिली एसटी नगर ते पुणे अशी धावली. त्या गाडीचं छत कापडी होतं, असं सांगतात. पत्र्याच्या गाड्या आल्या, तरी पावसाशी झगडा काही संपला नाही.

आपल्याकडे पाऊसही दोन तऱ्हेचा. अकोले तालुक्यात घाटघर, रतनवाडीकडे आठवडेच्या आठवडे झड लागते. नगर, पाथर्डी, कर्जत, जामखेड हा पर्जन्यछायेचा भाग. इथे वर्षातले बहुतेक महिने ऊन आणि धूळ. उन्हानं काचेचं रबर कडक होऊन तडकतं, धुळीनं आणि कडुनिंबाच्या पाल्यानं पाणी जाण्याच्या वाटा बुजतात. मग एखादा वळवाचा किंवा परतीचा दणका बसतो आणि गळती एकदम उघड होते. दोष मात्र उन्हाळाभर तयार होत असतो.

पहिला प्रश्न असा की, हे पाणी पावसाचंच आहे का? एसी असलेल्या गाडीत थंड झालेल्या हवेतलं पाणी एका नळीनं गाडीखाली टपकतं. ती नळी तुंबली की तेच पाणी आत, बहुधा डाव्या बाजूच्या पायापाशी येतं. हे पाणी स्वच्छ असतं आणि कडक उन्हातही दिसतं. दुसरं म्हणजे हीटरमधून गळणारं कूलंट. ते रंगीत, चिकट आणि गोडसर वासाचं असतं. ते चाखून पाहू नका, विषारी असतं. कूलंटची पातळी वारंवार कमी होत असेल, तर आधी तिकडे पाहा. यातलं काहीच नसेल आणि पावसानंतरच ओल येत असेल, तर आपला संशय बरोबर.

आता शोध. इथे ‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ असं होतं. पाणी साचतं एकीकडे, शिरतं दुसरीकडेच. छताच्या सांध्यातून शिरलेला थेंब खांबाच्या आतून उतरून सीटखाली निघतो. गाडी उतारावर उभी असेल, तर पुढचं पाणी मागे जाऊन बसतं. म्हणून गाडी सपाट जागी लावा, मॅट आणि गालिचा काढा, आतला पत्रा कोरडा करा आणि त्यावर वर्तमानपत्राचे कागद पसरा. कागद आधी जिथे भिजेल, तिथून वर वाट शोधायची.

या कामाला दोन माणसं लागतात. एक आत टॉर्च घेऊन, दुसरा बाहेर पाण्याचा पाइप घेऊन. पाण्याला जोर नको, नुसती धार हवी. सुरुवात खालून करायची आणि हळूहळू वर जायचं. प्रत्येक जागी पाच-दहा मिनिटं थांबायचं. आधीच छतावर पाणी ओतलं, तर ते सगळीकडून ओघळतं आणि काहीच कळत नाही.

संशयाच्या जागा ठरलेल्या असतात. पहिली, वायपरखालची जाळी. तिच्याखाली पन्हळ असते आणि दोन्ही टोकांना भोकं असतात. तिथे पाला कुजून बसला की पाणी तुंबतं आणि पंख्याच्या वाटेनं आत येतं. दुसरी, पुढच्या काचेचं रबर. काच बदललेली असेल तर कोपरे नीट तपासा, रबराखाली पत्रा गंजलेला असू शकतो. तिसरी, दरवाजे. काचेच्या फटीतून दरवाज्यात पाणी जातच असतं. ते तळाच्या भोकांतून बाहेर पडावं अशी रचना असते. आतल्या पॅनलमागे प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो. स्पीकर बसवताना तो फाडला आणि तसाच सोडला, की पाणी थेट पायाशी येतं. दरवाज्याचं रबर तपासायला एक कागदाची पट्टी दारात अडकवून ओढा. सहज निघाली, तर तिथे रबर दबलेलं आहे.

शिवाय कॅरियरचे बोल्ट, एरियलचं भोक, मागच्या दिव्यांची रबरं आणि डिकीत स्टेपनीखालचा खळगा हेही पाहा. जमिनीच्या पत्र्यातली रबरी बुचं निघाली असतील, तर रस्त्यावरचं पाणी खालून उडून आत येतं.

दुरुस्ती बहुतेक वेळा स्वस्त असते. भोकं तारेनं मोकळी करायची, कागद पुन्हा चिकटवायचा, रबर बदलायचं. दिसेल तिथे सिलिकॉन फासू नका. आंबट वासाच्या सिलिकॉननं पत्र्याला गंज धरतो. गाडीच्या बॉडीसाठीचंच सीलंट घ्या आणि आधी गंज खरवडून त्यावर प्रायमर लावा. आणि पाणी बाहेर जाण्याची भोकं चुकूनही बुजवू नका.

एवढा खटाटोप कशासाठी? सीट आणि पट्ट्याचे बोल्ट ज्या पत्र्यात बसलेले असतात, तोच पत्रा कुजतो. अपघातात मग पट्टा माणसाला कसा धरणार? अनेक गाड्यांत वायरिंग गालिच्याखालून जातं. ते ओलं झालं की दिवे, वायपर ऐन पावसात बंद पडतात. आतल्या ओलीनं काचेवर वाफ धरते. माळशेज घाटात धुकं असताना आतूनही काच धुरकटली तर काय होईल, हे सांगायला नको. खासगी गाडीला 15 वर्षं झाली की नोंदणीच्या नूतनीकरणासाठी तपासणी लागते, तिथेही कुजलेला पत्रा आडवा येतो.

जुनी गाडी ही आपल्याकडे हौस म्हणून थोड्यांकडे असते. बहुतेकांची ती बाजाराची, दवाखान्याची, लग्नकार्याची सोय असते. नवी घेणं प्रत्येकाला जमत नाही. म्हणून मे महिन्यातल्या एका रविवारी दोन बादल्या पाणी, जुनी वर्तमानपत्रं आणि घरातलं एक माणूस सोबत घ्या. गळती सापडली, की गाडीचं आयुष्य वाढतं आणि आत बसणाऱ्यांचा जीवही सुरक्षित राहतो.