स्मृतिभ्रंश आणि आपली घरे



‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून आपण ज्याची थट्टा करीत आलो, तो पुष्कळदा वार्धक्याचा स्वभाव नसून मेंदूचा रोग असतो. आलॉइस आल्झायमर या जर्मन वैद्यांनी १९०६ साली त्याचे एक रूप प्रथम वर्णिले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठी ओलांडलेल्या शंभरांपैकी सुमारे सात जणांस स्मृतिभ्रंश आहे. आपल्या ज्ञातीतही अशी घरे असणारच. ती बोलत नाहीत, एवढेच. थायरॉइडचा विकार, बी-१२ ची उणीव वा खिन्नता यांनीही असेच विस्मरण होते व ते उपचाराने सुधारू शकते. म्हणून आधी वैद्यकीय तपासणी करावी.

इंदापूर तालुक्यातील जुने पळसदेव उजनीच्या जलाशयात गेले. पाणी ओसरले म्हणजे तेथले प्राचीन मंदिर वर येते. घरे येत नाहीत. अशा गावची आजी तिन्हीसांजेस ‘मला घरी न्या’ म्हणून उंबऱ्याशी बसली, तर सुनेने काय सांगावे? ‘घर पाण्यात गेले’ असे सांगितल्यास तिला ते दुःख प्रत्येक वेळी नव्यानेच होते. तेव्हा वाद न घालता ‘चूल कोठे होती, अंगणात काय होते’ असे विचारावे; मन पुष्कळदा वळते. ही रीत शिकावी लागते, केवळ मायेने येत नाही. बारामतीकडे भय निराळे: नीरा डावा कालवा वस्तीजवळून वाहतो आणि वाट चुकलेल्या पावलांस काठ कळत नाही.

रात्रंदिवस पहाऱ्याचा हा भार बहुधा एकट्या सुनेवर पडतो. तो झेपेनासा झाल्यावर वृद्धास जाणत्या निवासात ठेवणे म्हणजे टाकून देणे नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे. टाकून देणे हा २००७ च्या कायद्याने गुन्हाच आहे. मात्र निवास पाहावयास रात्री जावे: किती माणसे जागी आहेत, कोणास बांधून वा औषधाने गुंगवून ठेवले आहे काय, आपल्याकडची बोली कोणास कळते काय? बाग आणि फरशी मागाहून पाहावी.

मंडळाचे सभागृह लग्नसराई सोडल्यास रिकामेच असते. तेथे रोज चार तास अशा वृद्धांस सांभाळण्यासाठी दोन शिक्षित सेविका नेमाव्यात, अशी आमची सूचना आहे. तेवढ्यात घरची बाई निदान झोप तरी घेईल. ज्यांस गरज आहे त्यांनी चिटणिसांस खाजगीत कळवावे. नावे स्मरणिकेत छापली जाणार नाहीत.