उलट दिशेची फटफटी

मुंबई भातसेचे पाणी पिते. परंतु तोच मुंबईकर शहापूरमार्गे भातसानगरकडे मोटार घेऊन निघाला, म्हणजे वाटेतील चालकांना बोल लावू लागतो. उलट दिशेने अंगावर येणारी फटफटी पाहून संताप होणे स्वाभाविकच. मात्र दुभाजक ओलांडण्याची वाट मैलभर पुढे ठेवली, तर शेतावर निघालेला मनुष्य तो वळसा घालील काय? कायदा त्यालाच दोषी धरतो, व ते योग्यही. पण आखणी करणाऱ्यास दोष कोणी द्यावयाचा? कसारा घाटातील प्रकार निराळा. उतारावर गियर काढून तेल वाचविणाऱ्याचे ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर दगा देतात. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे टप्पा खुला झाला. बोगद्यामुळे मोटारींना हा घाट टाळता येऊ लागला. फटफटीस तेथे मज्जाव आहे. तिच्या वाट्यास जुनाच रस्ता.