कॅमेऱ्याला काय कळतं?

सीसीटीव्हीच्या दहा-बारा पडद्यांसमोर बसलेला माणूस डोळ्यांत तेल घालून किती वेळ पाहणार? थोड्याच वेळात नजर शिणते. म्हणून हल्ली हे काम सॉफ्टवेअरकडे देतात. चित्रात कुंपणालगत एक रेषा आखून ठेवायची. ती कुणी ओलांडली की सूचना येते. गाडीचा नंबर वाचणं, माणसं मोजणं, बराच वेळ बेवारस पडलेली बॅग दाखवणं, हेही जमतं.

पण रात्री कॅमेऱ्याच्या दिव्यापाशी किडे जमतात, त्यांच्यामागे कोळी येतो आणि भिंगासमोरच जाळं विणतो. वाऱ्यानं जाळं हललं की यंत्राला वाटतं, चोर आला! अशा खोट्या सूचना रोज आल्या की पहारेकरी खऱ्या सूचनेकडेही काणाडोळा करतो. माझ्या मते खरा धोका हाच.

चेहरा ओळखणं त्याहून अवघड. जून 2017 मध्ये वेल्समधल्या कार्डिफला चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्याच्या वेळी पोलिसांच्या यंत्रणेनं 2470 सूचना दिल्या. त्यांतल्या 2297 चुकीच्या निघाल्या. ज्यांच्याशी चेहरे जुळवायचे ते मूळ फोटोच खराब होते, असं पोलिसांचं म्हणणं.

युरोपीय मानकानुसार अनोळखी माणसाची ओळख पटायला चित्रात मीटरमागे 250 पिक्सेल लागतात. उंच खांबावरून अख्खा चौक पाहणाऱ्या कॅमेऱ्याला ते क्वचितच मिळतात. तेव्हा सोसायटीत कॅमेरे बसवताना एक तरी फाटकापाशी, चेहरा समोरून दिसेल असा बसवा. आणि भिंगावरची जाळी अधूनमधून पुसून घ्या.