अन्न, कला आणि श्रमिकांचा हक्क

(सांस्कृतिक आघाडीच्या कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



अधिवेशनाच्या मंडपात तांदूळ, मूग आणि मसूर यांचे एक भव्य भित्तिचित्र उभारावे, अशी सूचना आपल्या काही तरुण साथींनी केली आहे. ज्येष्ठ साथींचा तिला तीव्र विरोध आहे. भुकेविरुद्ध लढलेल्या पक्षाने धान्य भिंतीला चिकटवावे, हे त्यांना साहवत नाही. ही भावना मला परकी नाही. परंतु अन्नाच्या पावित्र्याचा दाखला देऊन हा प्रश्न सुटणार नाही. अन्नाला पवित्र म्हणणाऱ्या समाजानेच ते पिकवणाऱ्याला शतकानुशतके पंगतीबाहेर बसवले आहे. जून २०१७ च्या शेतकरी संपात दूध रस्त्यावर ओतले गेले, तेव्हा ज्यांना दुधाचे पावित्र्य आठवले, त्यांपैकी किती जणांनी त्यापूर्वी दुधाच्या दराची चौकशी केली होती?

प्रश्न श्रमाचा आणि मालकीचा आहे. भांडवली कलाबाजारातील एक उदाहरण घ्या. मॉरिझिओ कातेलान या इटालियन कलावंताने २०१९ मध्ये अमेरिकेत मायामी येथील कलामेळ्यात एक केळे चिकटपट्टीने भिंतीवर लावले. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात याच कलाकृतीची एक प्रत ६२ लाख डॉलरला विकली गेली. विकत घेणारा क्रिप्टो चलनाच्या धंद्यातील धनिक होता. काही दिवसांनी त्याने वार्ताहरांसमोर केळे खाऊनही टाकले. त्यामुळे त्याचे काहीच गेले नाही, कारण त्याने विकत घेतले होते ते प्रमाणपत्र. केळे कुजले की दुसरे लावण्याची सोय त्यात आहेच.

लिलावातील ते केळे जवळच्या फळांच्या गाड्यावरून ३५ सेंटला आणलेले होते. गाड्यावर ताशी १२ डॉलर मजुरीवर उभा होता बांगलादेशातून आलेला एक वृद्ध नोकर. त्या केळ्याला काय किंमत आली हे वार्ताहराने सांगितले, तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आले. ६२ लाख डॉलर मिळवण्यासाठी त्याला पाच लाखांहून अधिक तास राबावे लागेल. एक केळे वाया गेले म्हणून हळहळणारे लोक हा हिशेब मांडत नाहीत.

हा वृद्ध ज्या बंगालच्या भूमीतला, तेथे कोजागरीच्या लक्ष्मीपूजेला स्त्रिया तांदळाच्या पिठाच्या पाण्याने अंगणात अल्पना काढतात. त्याच बंगालमध्ये १९४३ साली सुमारे तीस लाख माणसे दुष्काळाने मेली. ती अल्पनेत तांदूळ गेला म्हणून मेली काय? युद्धकाळातील सरकारी धोरण, साठेबाजी आणि मजुराच्या आवाक्याबाहेर गेलेला भाव यांनी त्यांचा बळी घेतला. पक्षाचे चित्रकार कॉम्रेड चित्तप्रसाद तेव्हा मिदनापूर जिल्ह्यात हिंडले आणि त्यांनी शाईने उपासमार रेखाटली. ‘हंग्री बेंगॉल’ ही त्यांची पुस्तिका ब्रिटिश सरकारने जप्त करून नष्ट केली. अन्नाचा एक कणही न वापरलेली ही चित्रे सरकारला सहन झाली नाहीत, हे आपल्या तरुण चित्रकारांनी ध्यानात ठेवावे.

आपल्या डहाणू-तलासरीचा अनुभव तर अधिक बोलका आहे. वारली लग्नात सुवासिनी तांदळाच्या पिठाने झोपडीच्या भिंतीवर चौक लिहितात. ज्या घरात वर्षाचे काही महिने कंदमुळांवर निघत, त्या घरानेही लग्नाच्या भिंतीसाठी मूठभर तांदूळ राखला. याला उधळपट्टी म्हणण्याचे धाडस माझ्याने होणार नाही. याच लग्नासाठी कर्ज काढणारे जोडपे जमीनदाराचे ‘लग्नगडी’ होऊन पिढीजात राबत असे. त्यांना बांधून ठेवले ते जमीनदाराच्या वहीने. भिंतीवरच्या तांदळाकडे बोट दाखवून ती वही झाकता येत नाही. १९४५ साली शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने वेठ आणि लग्नगडीची प्रथा मोडण्याचा लढा उभारला. भिंतीवरच्या चौकाला त्या लढ्याने कधी हात लावला नाही. तो तांदूळ त्यांनी स्वतः पिकवलेला, स्वतः राखलेला होता. त्याचे काय करावे हे ठरवण्याचा अधिकारही त्यांचाच होता.

आपल्या मंडपातील धान्य मात्र आपण पिकवलेले नाही. ते शाखाशाखांतून, शेतमजुरांच्या घरांतून मूठमूठ गोळा होणार आहे. देणाऱ्या बाईने ते अधिवेशनाच्या जेवणासाठी दिले असेल, तर तिला न विचारता त्यावर रंग आणि डिंक ओतण्याचा अधिकार कोणत्याही कलासमितीला नाही. येथे ज्येष्ठ साथींचे म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे. तमिळनाडूतील साथी सांगतील की त्यांच्याकडे पहाटे तांदळाच्या पिठाने काढलेले कोलम दिवसभरात मुंग्या आणि पाखरे खातात. आपल्या चित्राचेही असेच व्हावे.

म्हणून माझी सूचना अशी आहे. चित्र भिंतीवर नको, जमिनीवर स्वच्छ ताडपत्रीवर मांडावे. रंग नको, डिंक नको. धान्य मागतानाच चित्राचा हेतू शाखांना स्पष्ट सांगावा आणि नकार आला तर तो निमूटपणे स्वीकारावा. दुसऱ्या दिवशी सायंकाळी धान्य पाखडून, निवडून भोजनसमितीच्या ताब्यात द्यावे आणि ते मोजून घेण्याचे काम चित्रकार साथींनीच करावे. भिंत रिकामी राहील, तेथे चित्तप्रसादांची चित्रे लावता येतील. मूग आणि मसूर एकत्र झाले तर निवडायला किती वेळ लागतो, हे कलासमितीने स्वयंपाकघरातील भगिनींना आधी विचारून घ्यावे.